खरेदीखताची न लिहिलेली तारीख : आदेश 7 नियम 11 चा एक प्रकरण अभ्यास

समन्स हातात पडल्यावर पक्षकार वकिलाच्या ऑफिसात येतो तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुतेक ठरलेले असते : "वकीलसाहेब, वादपत्रातलं सगळं खोटं आहे." खोटे असेलही. पण ते खोटे ठरवायचे म्हणजे कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) द्यायची, मुद्दे निघायचे, साक्षीदार तपासायचे, उलटतपास घ्यायचा. जमिनीच्या दाव्यात एवढ्यात एक पिढी म्हातारी होते. दिवाणी प्रक्रिया संहिता प्रतिवादीला याहून वेगळा प्रश्न विचारू देते. वादीने लिहिलेले सगळे खरे धरले, तरी कायद्याने त्याला मागितलेली दाद मिळू शकते का? उत्तर "नाही" असेल तर कोर्ट वादपत्रच नामंजूर करते. आदेश 7 नियम 11 चे मर्म एवढेच आहे.

नियम वाचायला सोपा आहे, वापरायला नाही. तो कसा चालतो आणि कुठे थांबतो हे एका प्रकरणात फार स्वच्छ दिसते. सुरतजवळच्या मोटा वराछा गावच्या जमिनीचा हा वाद. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल 9 जुलै 2020 रोजी दिला. खंडपीठावर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. इंदू मल्होत्रा होते आणि निकालपत्र न्या. मल्होत्रा यांनी लिहिले. एससीसी या निकालसंग्रहात (2020) 7 एससीसी 366 वर तो छापलेला आहे. पक्षकार खासगी माणसे आहेत, म्हणून इथे त्यांना वादी आणि प्रतिवादी एवढेच म्हणतो.

व्यवहार

जमीन 8,701 चौरस मीटर. गुजरातच्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 73एए चे निर्बंध तिच्यावर होते, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. मालकांनी प्रतिवादी क्रमांक 1 ला विकण्यासाठी परवानगी मागितली. 19 जून 2009 रोजी ती मिळाली. दर ठरला जंत्रीप्रमाणे (आपल्याकडे ज्याला रेडीरेकनर म्हणतात तो) चौरस मीटरला 2,000 रुपये, म्हणजे एकूण मोबदला 1 कोटी 74 लाख 2 हजार. 2 जुलै 2009 रोजी नोंदणीकृत खरेदीखत झाले. मोबदला 36 चेकने दिल्याचा तपशील खतात लिहिला गेला आणि तो पूर्ण पोचल्याची कबुलीही.

पुढे 1 एप्रिल 2013 रोजी प्रतिवादी क्रमांक 1 ने हीच जमीन प्रतिवादी क्रमांक 2 आणि 3 यांना 2 कोटी 1 लाख रुपयांना विकली. तेही नोंदणीकृत खताने.

मूळ मालकांनी सुरतच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला तो 15 डिसेंबर 2014 रोजी. त्यांचे म्हणणे असे : आम्ही पूर्ण निरक्षर, खतावर अंगठे उठवले. 36 चेकपैकी फक्त 6 चेकचे मिळून 40,000 रुपये हाती आले. बाकी 30 चेक, म्हणजे 1 कोटी 73 लाख 62 हजार रुपये, निव्वळ बोगस. म्हणून 2009 चे खरेदीखत बेकायदा व रद्दबातल ठरवावे, 2013 चेही रद्द करावे आणि जमिनीचा ताबा परत द्यावा.

हे वाचून कोणाचेही मन वादींकडे झुकेल. माझेही झुकले. अंगठा उठवणारा शेतकरी, पावणेदोन कोटींचा व्यवहार आणि हाती चाळीस हजार. हे खरे असेल तर साधी फसवणूक नव्हे, लूट आहे. पण प्रतिवादी 2 आणि 3 यांच्या वकिलांनी या कहाणीला हातच लावला नाही. पैसे दिले गेले होते असे सिद्ध करायला ते निघाले नाहीत. त्यांनी आदेश 7 नियम 11 च्या खंड (अ) आणि (ड) खाली अर्ज दिला. वादकारण (दावा लावायला कायद्याने लागणारे कारण) नाही, आणि दावा मुदत कायद्याने बाधित आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अर्जात काय आणता येते

या अर्जावर कोर्ट वादपत्र वाचते आणि वादीने ज्यांचा आधार घेतला ती कागदपत्रे वाचते. तिसरे काही नाही. प्रतिवादीची कैफियत, त्याचे बँक स्टेटमेंट, त्याच्याकडच्या पावत्या, यांतले काहीही त्या घडीला कामाचे नाही. नवे वकील इथे हमखास चुकतात. अर्जाला आपलीच दहा कागदपत्रे जोडतात आणि मग वादीच्या वकिलाला फक्त एवढेच म्हणायचे राहते की हा तर बचाव झाला, पुराव्यात पाहू.

सुरतच्या प्रकरणात प्रतिवादींच्या हाती जे होते ते सगळे वादींनीच दिलेले होते. वादींनी दाव्याचा पायाच 2009 च्या खरेदीखतावर घातला होता, म्हणून ते खत वादपत्राचा भाग म्हणून वाचता आले. त्यात 36 चेकचा तक्ता होता, मोबदला मिळाल्याची कबुली होती आणि तारीख होती. प्रतिवादीने एकही कागद न जोडता त्याला हवे ते सगळे कोर्टापुढे आले.

वादपत्र कसे वाचायचे याचीही रीत ठरलेली आहे. एखादे वाक्य सुटे काढून त्यावर दावा बुडवता येत नाही. गोव्याच्या खाण व्यवसायातल्या हर्देश ओअर्स विरुद्ध हेदे अँड कंपनी या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले आहे की वादपत्र सबंध वाचावे, त्याचा अर्थ पाहावा. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1977 मध्ये, न्या. कृष्ण अय्यर यांनी दुसरी बाजू सांगून ठेवली आहे : वाचन कोरडे नको, अर्थपूर्ण हवे, हुशारीच्या मांडणीने वादकारणाचा आभास उभा केला असेल तर तो दावा पहिल्याच तारखांना खुडून टाकावा. एक निकाल वादीला सांभाळतो, दुसरा प्रतिवादीला. सुरतच्या निकालात दोन्ही धागे एकत्र आले.

"दाव्यास कारण" हा परिच्छेद

वादपत्राच्या शेवटाकडे एक परिच्छेद असतो : दाव्यास कारण अमुक तारखेस अमुक ठिकाणी घडले. पक्षकार तो वाचत नाहीत, पुष्कळ वकीलही घाईत लिहितात. प्रतिवादीच्या वकिलाने मात्र वाचायला सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे.

वादींनी इथे लिहिले होते की 21 नोव्हेंबर 2014 रोजी 2009 च्या खरेदीखताच्या इंडेक्सची (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीची) प्रत मिळाली, तेव्हा फसवणूक कळली. त्यावरून दावा महिन्याभरात लावलेला दिसतो, मुदतीचा प्रश्नच उरत नाही. पण 2 जुलै 2009 ही तारीख जिथे यायला हवी होती तिथे नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हे नेमके टिपले. 2013 च्या दुसऱ्या खताची तारीख विनंतीच्या परिच्छेदात आहे, आणि जे खत वादींनी स्वतः करून दिले, ज्याच्या रद्दबातलीसाठी सगळा दावा आहे, त्याची तारीख गाळलेली आहे. ही चूक नव्हे, मुदतीचा प्रश्न झाकण्यासाठी जाणून केलेली गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मुदत कायद्याचे गणित सरळ आहे. खत रद्द करून मागायला अनुच्छेद 59 खाली 3 वर्षे, आणि ती मोजायची ज्या दिवशी रद्द करण्याचा हक्क देणाऱ्या गोष्टी वादीला पहिल्यांदा कळल्या त्या दिवसापासून. घोषणेच्या दाव्याला अनुच्छेद 58 खाली तेवढीच 3 वर्षे, दावा लावण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून. दोन्हीकडे "पहिल्यांदा" हा शब्द कायद्यातच आहे.

आता वादींच्याच म्हणण्याला लावून पाहू. पैसे मिळाले नाहीत, हे कोणाला आधी कळणार? ज्याला ते मिळायचे होते त्याला. 30 चेक वटले नाहीत हे समजायला इंडेक्सची प्रत लागत नाही. इंडेक्समध्ये दस्त कोणी कोणाला कधी करून दिला हे दिसते. विकणाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही, हे त्यात नसते. म्हणून इंडेक्स हाती येणे हे वादकारण होऊच शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. खत वादींनी स्वतः करून दिले, मोबदला आला नाही हे त्यांना तेव्हाच माहीत, मग 3 वर्षे जुलै 2012 मध्ये संपली. साडेपाच वर्षे साधी नोटीसही न देता गप्प राहणे विश्वास बसण्याजोगे नाही, हेही निकालात आहे.

इथे एक हरकत येते आणि ती रास्त आहे. फसवणूक झाली असेल तर मुदत कायद्याचे कलम 17 आहे; फसवणूक उघड होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. खरे आहे. पण त्यासाठी फसवणूक वादपत्रात दिसावी लागते. संहितेचा आदेश 6 नियम 4 सांगतो की फसवणुकीचा तपशील, तारखांसह, लिहिलाच पाहिजे. कोणी काय सांगितले, काय लपवले, कधी, आणि वादीला ते आधी का कळू शकले नाही. "प्रतिवादीने फसवणूक केली" एवढे वाक्य पाच वेळा लिहून हा नियम पाळला जात नाही. निरक्षर माणसाला चेक बँकेत भरला का, कोणी भरला, पासबुक कोणाकडे होते, "पैसे येतील" म्हणून कोण किती वर्षे झुलवत राहिले, हे सगळे लिहिता आले असते तर मुदत हा पुराव्याचा प्रश्न झाला असता.

पैसे नाहीत म्हणून खत रद्द?

मुदत बाजूला ठेवली तरी दुसरे दार बंद होते, आणि सामान्य वाचकाला हाच भाग जड जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये विक्रीची व्याख्या आहे : दिलेल्या, देऊ केलेल्या, किंवा काही दिलेल्या आणि काही देऊ केलेल्या किमतीच्या बदल्यात मालकी हस्तांतरित होणे. म्हणजे सगळी किंमत हातात पडलीच पाहिजे, नाहीतर विक्री नाही, असे कायदा म्हणत नाही. मालकी देण्याचा हेतू असेल आणि खत नोंदवले असेल तर मालकी गेली. राहिलेली रक्कम हे येणे आहे. ते वसूल करता येते, पण त्यासाठी खत मोडता येत नाही.

म्हणून न्यायालयाने वादींचे सगळे म्हणणे खरे धरले. चाळीस हजारच मिळाले, असे समजू. तरीही खरेदीखत रद्द करण्याचे कारण त्यातून निघत नाही. उरलेल्या मोबदल्याच्या वसुलीसाठी कायद्यात अन्य उपाय असू शकतात, पण ही दाद देता येणार नाही. हे निकालाचे हृदय आहे. वादी खरे बोलतात की खोटे हे तपासण्याची गरजच पडली नाही.

सुरतच्या न्यायालयाने 12 ऑगस्ट 2016 रोजी वादपत्र नामंजूर केले होते, गुजरात उच्च न्यायालयाने 19 ऑक्टोबर 2016 रोजी ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना वादींनी प्रतिवादी 2 आणि 3 यांना 1 लाख रुपये खर्च द्यावा असा हुकूम केला.

एक महिना आधीचा दुसरा निकाल

याच निकालाचे दोन परिच्छेद छापून आणून वाटेल त्या दाव्यात मुदतीचा अर्ज देण्याची सवय वाढत आहे, आणि मला ती काळजीची वाटते. म्हणून त्याच्या जेमतेम महिनाभर आधीचा, 5 जून 2020 चा, शक्ती भोग फूड इंडस्ट्रीज विरुद्ध सेंट्रल बँक ऑफ इंडिया हा निकाल शेजारी ठेवून वाचावा. खंडपीठावर न्या. अजय खानविलकर होते. बँकेने जादा आकारणी केल्याची कंपनीची तक्रार होती. खालच्या न्यायालयांनी वादपत्र मुदतबाह्य म्हणून नामंजूर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले. कारण वादपत्र सबंध वाचल्यावर बँकेशी चाललेला पत्रव्यवहार, बँकेने दिलेली उत्तरे आणि नोटिसा त्यात होत्या. हक्क नेमका कधी निर्माण झाला हे त्या पत्रांवर ठरणार होते, आणि ते पुराव्याशिवाय ठरत नाही.

दोन्ही निकाल एकाच नियमाचे आणि एकमेकांशी सुसंगत आहेत. शक्ती भोगच्या वादपत्रात मधल्या वर्षांची हकीकत होती. सुरतच्या वादपत्रात 2009 ते 2014 या काळात वादींनी काय केले याचे उत्तर नव्हते. मुदतीचा अर्ज देण्यापूर्वी प्रतिवादीने वादपत्रात ही मधली वर्षे शोधावीत. ती भरलेली असतील तर अर्जाचा नाद सोडावा आणि मुदतीचा मुद्दा कैफियतीत घ्यावा. पूर्वन्यायाचे, म्हणजे "हा वाद आधीच निकाली निघाला आहे" या हरकतीचे, तसेच आहे. त्यासाठी जुन्या दाव्याची वादपत्रे, कैफियत, मुद्दे वाचावे लागतात आणि ते सहसा या अर्जात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले.

प्रतिवादीच्या हिशेबातल्या आणखी काही गोष्टी

अर्ज केव्हाही देता येतो. कैफियत आधी द्या, मग ऐकू, असे कोर्टाने म्हणणे बरोबर नाही, हे सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2003) या निकालापासून ठरलेले आहे. पण त्यावर विसंबून कैफियत लिहायचीच थांबवू नये. साध्या दाव्यात 90 दिवसांच्या मर्यादेत कोर्ट थोडी ढिलाई देऊ शकते. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवस झाले की कैफियतीचा हक्क गेला, आणि "माझा नियम 11 चा अर्ज प्रलंबित होता" ही सबब 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नाही. अर्जावर वादीचा से (लेखी म्हणणे) येईपर्यंतच दोन-तीन तारखा जातात. त्या दिवसांत कैफियतीचा मसुदा तयार ठेवावा.

अर्धे वादपत्र नामंजूर होत नाही. एका मागणीपुरता दावा चालत असेल तर सबंध वादपत्र राहते; सेजल ग्लास (2018) या निकालात हे आहे. सुरतच्या वादींनी खत रद्द करण्याच्या जोडीला नीट मांडलेली थकीत किमतीची स्वतंत्र मागणी ठेवली असती, तर प्रतिवादींच्या अर्जाची वाट बरीच अवघड झाली असती.

अर्ज मंजूर झाला तर तो हुकूम संहितेच्या कलम 2(2) प्रमाणे हुकूमनामा धरला जातो आणि वादीला नियमित अपील मिळते. नामंजूर झाला तर प्रतिवादीला उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. आणि वादपत्र नामंजूर होणे म्हणजे दावा गुणदोषांवर फेटाळणे नव्हे. आदेश 7 नियम 13 वादीला त्याच वादकारणावर नवे वादपत्र आणू देतो, अर्थात मुदत शिल्लक असेल तर.

वादींपुढची दुसरी वाट

हा निकाल मला कायद्याने बरोबर वाटतो. तरीही 30 चेक वटले होते की नाही, हा प्रश्न या दाव्यात कोणत्याही पायरीवर तपासला गेला नाही, आणि त्याची खंत वाटते. बँकेचा एक उतारा तो मिटवू शकला असता. तो तपासला गेला नाही याचे कारण न्यायालयात नाही, मागणीत आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55(4)(ब) विकणाऱ्याला थकीत किमतीसाठी विकलेल्या मालमत्तेवरच बोजा, म्हणजे त्या मालमत्तेतून येणे वसूल करण्याचा हक्क, देते. स्थावर मालमत्तेवरच्या बोजाची रक्कम वसूल करायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 62 खाली 12 वर्षे आहेत, रक्कम देय झाल्यापासून. 2009 पासून मोजले तर डिसेंबर 2014 मध्ये या मुदतीतली निम्म्याहून अधिक वर्षे शिल्लक होती. हा बोजा प्रतिवादी क्रमांक 1 वर चालला असता. पुढच्या खरेदीदारावर तो दोन परिस्थितींत चालतो : त्याने मोबदला दिलेला नसेल, किंवा आधीची किंमत थकली आहे हे त्याला माहीत असेल. प्रतिवादी 2 आणि 3 यांनी तर 2 कोटी 1 लाखाचे खत दाखवले होते, म्हणजे त्यांच्याविरुद्ध माहितीचाच मुद्दा घ्यावा लागला असता. 2013 च्या व्यवहारावेळी त्यांना काय ठाऊक होते, कोणाकडून, कोणत्या प्रसंगी, हे वादपत्रात तारखांसह यायला हवे होते. मोबदला पोचल्याची खतातली कबुली आड आली असती, तिचे उत्तरही द्यावे लागले असते. पण तसे लिहिले असते तर त्यांना माहिती होती की नव्हती हा वस्तुस्थितीचा वाद झाला असता, आणि वस्तुस्थितीच्या वादावर वादपत्र नामंजूर करता येत नाही.